अग्निशामकाच्या खिशातली थोटकं

१

"तंबाखू आणि मी, दोघं एका छताखाली राहू शकत नाही!"

मुख्याध्यापकांनी हे वाक्य इमारतीच्या वार्षिक सभेत टेबलावर मूठ आपटून म्हटलं, तेव्हा कडकडून टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात टाळ्या ओढणाऱ्यांनीच वाजवल्या, कारण टाळ्या वाजवणाऱ्याच्या बोटांत सिगारेट नाही हे लांबूनही दिसतं. महिन्याभराने विमा कंपनीच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला. त्यावरून असं दिसलं, की तंबाखू आणि मुख्याध्यापक एका छताखालीच काय, एका कातडीखाली सुखाने नांदत होते.

निकोटीन अंगात गेलं, की शरीर त्याचं कोटिनीन नावाचं काहीतरी करतं आणि पुढचे काही दिवस ते लघवीतून बाहेर पडत राहतं. माणूस खोटं बोलतो, लघवी बोलत नाही, या श्रद्धेवर आयुर्विम्याचा धंदा उभा आहे. मुख्याध्यापकांच्या नमुन्यात हे कोटिनीन रोज एक पाकीट फस्त करणाऱ्या माणसाइतकं सापडलं होतं. आणि अर्जातल्या 'धूम्रपान करता का?' या प्रश्नापुढे त्यांनी 'नाही' लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. समासात तंबाखूविरुद्ध चार वाक्यंही लिहिली होती, ती कुणी विचारली नव्हती.

इमारतीत त्यांना 'अग्निशामक' म्हणत. जिन्यात कुणी काडी ओढली, की हे वरून झारी घेऊन हजर. झारी मुळात गच्चीवरच्या गुलाबांसाठी होती. पण गुलाबांना पाणी घालून उरलेलं पाणी कुणाच्या सिगारेटवर घालायचं, यात सरांना पाण्याची बचत दिसायची.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण मध्ये मुलीचं दुकान होतं. तिला चष्म्याचं दुकान काढायचं होतं. बँक कर्ज द्यायला तयार होती, जामीन वडील होते, आणि बँकेची अट होती की वडिलांनी कर्ज फिटेपर्यंतचा विमा काढावा. न ओढणाऱ्याच्या दराने हप्ता त्यांच्या पगारात जेमतेम बसत होता. ओढणाऱ्याचा हप्ता त्या वयाला जवळजवळ दुप्पट, तो बसत नव्हता. शिवाय अर्जात 'नाही' लिहून तपासणीत 'होय' निघाल्यामुळे अर्जच फेटाळला जाणार होता, खोटी माहिती दिली या शेऱ्यासकट. तो शेरा एकदा बसला, की पुढची प्रत्येक विमा कंपनी दारातच त्याबद्दल विचारते. आणि दुकानाचा गाळा ज्याचा, त्याने सांगून ठेवलं होतं, "महिनाअखेरपर्यंत थांबतो. पुढे मला विचारू नका."

मुलगी हेल्मेट हातात घेऊनच विमा कंपनीच्या कचेरीत शिरली.

"बाबांचा नमुना कुणीतरी बदललाय," ती व्यवस्थापकांना म्हणाली. "बाबा अगरबत्तीसुद्धा गॅलरीत नेऊन लावतात."

व्यवस्थापकांनी हेल्मेटकडे पाहिलं, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सुटकेचा एकच मार्ग धरला.

"शंकासुराला बोलवा," ते म्हणाले.

२

शंकासुर हा कंपनीचा तपासनीस. लोक विम्याचे अर्ज भरत, आणि हा त्यांच्यावर विश्वास ठेवत नसे. त्याचा पगार त्याबद्दलच होता. अकरा महिन्यांपूर्वी त्याने सिगारेट सोडली होती. वर्षभर एकही ओढली नाही आणि तपासणी स्वच्छ आली, तर कंपनी त्याच्याही विम्याचा हप्ता न ओढणाऱ्याच्या दराने करणार होती. अजून एक महिना बाकी होता. या काळात त्याने दात कोरायच्या इतक्या काड्या चावल्या होत्या, की एक मध्यम आकाराचं झाड पोटात गेलं असावं. स्वभाव तर असा झाला होता, की कुणी 'गुड मॉर्निंग' म्हटलं तरी तो पुरावा मागायचा.

"सोमवारी मला एका शब्दात अहवाल हवा," व्यवस्थापक म्हणाले. "ओढतो, की ओढत नाही."

"साहेब, शेजारी ओढणारे असतील तर त्यांच्या धुराने..."

"प्रयोगशाळेला विचारलंय मी. शेजारच्या धुराने एवढा आकडा येत नाही. एवढ्यासाठी शेजाऱ्याने तोंडात तोंड घालून धूर सोडायला हवा."

शंकासुराने काडीचा तुकडा पाडला. ज्या माणसाला ओढायला मिळत नाही, त्याला ज्याने चोरून ओढली त्याचा तपास करायला लावणं हा छळ आहे, आणि त्याला भत्ताही नाही, असं त्याचं मत झालं.

मुख्याध्यापकांच्या घरी दार उघडलं बाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने. मुलगी बोलू लागली तशी बाई आत निघून गेल्या आणि स्वयंपाकघरात भांडी आपटू लागल्या.

"नमुना घ्यायला माणूस सकाळी घरी आला होता," मुलगी सांगत होती. "बाबा बाटली घेऊन न्हाणीघरात गेले. बाहेर आले आणि बाटली तशीच फळीवर ठेवून त्या माणसाला फुलं दाखवायला गच्चीवर घेऊन गेले. काका, तुम्हीच सांगा, विम्याच्या माणसाला कुणी फुलं दाखवतं का?"

"बाटली फळीवर किती वेळ होती?"

"बराच. बाबा गुलाबांवर सुरू झाले की... आणि तेवढ्यात मामा न्हाणीघरात जाऊन आला. मामा ओढतो."

शंकासुराने मान हलवली. संशयित घरातच, साधन हाताशी, संधी फळीवर. इतकं सोपं प्रकरण अकरा महिन्यांत आलं नव्हतं. म्हणूनच त्याला ते आवडलं नाही.

तो चहा मागायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेला. बाई पातेल्यातला चहा फडक्याने गाळत होत्या.

"गाळणी नाही?"

"असते की. आणली की नाहीशी होते. वर्षातली ही तिसरी. भुतं चहा पितात आमच्याकडे." त्यांनी कप त्याच्यापुढे आदळला. "तुम्ही माझ्या मुलीचं ऐकू नका. नमुना बिमुना कुणी बदललेला नाही."

"म्हणजे?"

बाईंनी ओट्याखालच्या पिठाच्या डब्यामागून एक रुमाल काढला आणि त्याच्यासमोर उलगडला. आत सिगारेटची थोटकं होती.

"यांच्या पँटच्या खिशात सापडली," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता. "इतकी वर्षं झारी घेऊन दुसऱ्यांच्या विझवत फिरतात. आणि हे बघा."

त्यांनी एक थोटूक चिमटीत धरून वर केलं. त्याच्या टोकाला लाल लिपस्टिक लागली होती.

"मी लावत नाही," बाई म्हणाल्या.

३

शंकासुराने रुमाल पुढे ओढला आणि नाक खाली नेलं. हे त्याला तपासासाठी करावंच लागत होतं, असं त्याने स्वतःला समजावलं. थोटकं जातीजातीची होती. फिल्टरची, बिनफिल्टरची, लवंगेच्या वासाची, दोन विड्या. काही दाबून विझवलेली, काही पायाने चिरडलेली, काहींना वाळू चिकटलेली.

"सरांची तब्येत कशी असते?"

"पित्त आहे. रविवारी सकाळी गच्चीवरून झाडांचं करून येतात आणि डोकं धरून बसतात. घाम काय, मळमळ काय. कधी ओकतात. संध्याकाळपर्यंत अन्नाला शिवत नाहीत. मी म्हणते उन्हात जाऊ नका, तर म्हणतात, सकाळचं ऊन औषधी." बाई थांबल्या. "आता कळतंय, वर जाऊन काय करत असतील. एकटेच करत असतील, की..." त्यांनी लिपस्टिकवाल्या थोटकाकडे पाहिलं आणि रुमाल पुन्हा डब्यामागे सारला.

मामा, म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ, गॅलरीच्या टोकाला अर्धा बाहेर वाकून ओढत होता. बहिणीच्या घरी राहायचं तर अर्धं शरीर घराबाहेर ठेवूनच ओढायचं, असा करार होता.

"नमुना मी बदलला?" तो हसताना पडायलाच आला. "अहो, दाजींना माझी लघवी परवडायची नाही. मला मधुमेह आहे. डॉक्टर म्हणतो, तुमच्या लघवीवर मुंग्या येतील."

शंकासुराने बॅगेतून अहवाल काढला. साखर: नाही. त्याने अहवाल परत ठेवला. घरातला एकुलता एक सोयीस्कर संशयित असा साखरेवाचून निसटला, याचा त्याला मनापासून राग आला.

"तुमचा विमा आहे?"

"आहे. 'ओढतो' म्हणून लिहून दिलंय, जास्तीचा हप्ता भरतो. मी राजरोस ओढतो, साहेब. माझं पाप पावती घेऊन असतं." त्याने धूर सोडला. वारा नेमका शंकासुराच्या दिशेने होता.

"ते तिकडे सोडा," शंकासुर म्हणाला.

"तुम्ही सोडलीत वाटतं?"

"मी इथे प्रश्न विचारायला आलोय."

"सोडलीच आहे," मामा सहानुभूतीने म्हणाला. "काडीवरून कळलं."

तळमजल्यावर शिंप्याचं दुकान होतं. सरांच्या झारीचं पाणी सगळ्यात जास्त यानेच खाल्लं होतं. पूर्वी त्याच्या दाराशी एक बाक असायचा, गिऱ्हाइकं त्यावर बसून फुंकायची. सरांनी ठराव करून बाक उचलायला लावला. आता जिन्याखाली वाळू भरलेला एक डबा तेवढा होता, थोटकं खुपसायला.

"सूड म्हणून तुम्ही सरांच्या चहात तंबाखू घातलीत का?" शंकासुराने सरळच विचारलं. चिडलेल्या माणसाला आडवळणं परवडत नाहीत.

"घातली असती," शिंपी सुईत दोरा ओवत म्हणाला, "पण ते माझ्याकडे पाणीसुद्धा पीत नाहीत. म्हणतात, तुमच्या पेल्याला वास येतो." त्याने दोरा दाताने तोडला. "तुम्ही तपासनीस ना? मग माझी एक चोरी शोधा."

"काय गेलंय?"

"थोटकं."

शंकासुराच्या तोंडातली काडी थांबली.

"तो वाळूचा डबा. आठवडाभर भरतो आणि शनिवारी संध्याकाळी कुणीतरी साफ करून नेतं. झाडूवालीला विचारलं, ती म्हणते, तुमची घाण मी कशाला नेऊ? बरं, वाळू ठेवतो, थोटकं नेतो. अशी चोरी कुठे ऐकलीय?"

"डब्यात कोण कोण टाकतं?"

"सगळेच. गिऱ्हाइकं, पोस्टमन, वरच्या मजल्यावरची ब्यूटीपार्लरवाली..."

"ती लिपस्टिक लावते?"

"तिचा धंदाच आहे तो," शिंपी म्हणाला. मग खिडकीतल्या जास्वंदीकडे बोट करून उसासला, "बघा, मावा पडलाय. पानापानावर कीड चिकटलीय. आख्ख्या इमारतीत हीच बोंब. आणि वर सरांच्या गुलाबांवर औषधाला किडा नाही. म्हणतात, ही धूरमुक्त हवेची किमया. त्या गुलाबांचा दाखला देऊनच त्यांनी सभेत धूरबंदीचा ठराव मंजूर करून घेतला. आम्ही हात वर केले. काय करणार? फुलं खरंच छान आहेत."

४

सर स्वतः शनिवारी दुपारी भेटले. गडी धिप्पाड, आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

"या! तुमच्या यंत्रात बिघाड आहे," ते म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

शंकासुराने तो हातात घेतला आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला. ओढणाऱ्याचा हात त्याला स्वतःच्या हाताइतका परिचयाचा होता. तिथे डाग पडतो तो एका हाताच्या दोन बोटांवर, जिथे सिगारेट धरतात तिथे. सरांची दाही बोटं नखांच्या मुळांपर्यंत तपकिरी होती. उजव्या हाताची आणि डाव्या हाताचीही. तळव्यांच्या रेषासुद्धा कुणी शाईने गिरवाव्या तशा दिसत होत्या.

"माती," सर हात काढून घेत म्हणाले. "मी हातमोजे वापरत नाही. झाडाला माणसाचा हात कळला पाहिजे."

"सर, मुलीचं दुकान तुमच्यावर अडलंय. काही सांगायचं असेल तर आत्ता सांगा."

सरांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. त्यांनी तोंड उघडलं, मुलीच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या फोटोकडे. फोटोत ते गुलाबाशेजारी उभे होते आणि खाली लिहिलं होतं, 'स्वच्छ हवा, सुंदर फुले'. त्यांनी तोंड मिटलं.

"मी आयुष्यात सिगारेट ओढलेली नाही," ते म्हणाले.

खोटं बोलणारा माणूस या वाक्यानंतर तपासनिसाच्या डोळ्यांत बघतो, पटलं का ते पाहायला. सर फोटोकडेच बघत राहिले. शंकासुर पुरता वैतागला. लघवी म्हणते 'होय', माणूस म्हणतो 'नाही', आणि दोघंही खरं बोलत असावेत असं वाटतंय. असं वाटण्याबद्दल कंपनी पगार देत नाही.

संध्याकाळी तो शिंप्याच्या दुकानात, लटकवलेल्या कोटांच्या मागे उभा राहिला. शिंप्याने माणुसकी म्हणून एक सिगारेट पुढे केली. शंकासुराने तिच्याकडे असं पाहिलं, जसं रेल्वेच्या खिडकीतून माणूस मागे पडणाऱ्या गावाकडे पाहतो, आणि नवी काडी काढली.

दिवे लागायच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली. झारी घेऊन सर उतरले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग खाली वाकून, शाळेत खडू वेचावेत तशी वाळूतली थोटकं एकेक वेचून त्यांनी रुमालात बांधली आणि झपझप वर निघाले.

"अरे देवा," शिंपी पुटपुटला. "पगार पुरत नाही की काय मास्तरांना?"

शंकासुर मागोमाग निघाला. गच्चीवर पाण्याच्या टाकीआड दडला आणि काडी पेटण्याची वाट बघू लागला. कुंड्यांपलीकडे सर वाकून काहीतरी करत होते. काचेला काच लागल्याचा आवाज आला, पाणी ओतल्याचा आवाज आला. काडी पेटल्याचा आवाज मात्र आला नाही. शंकासुराने नाक वर केलं. अकरा महिन्यांच्या उपासाने त्याचं नाक असं झालं होतं, की दोन गल्ल्या पलीकडे कुणी पाकीट फोडलं तरी त्याला कळायचं. आता ते नाक स्पष्ट सांगत होतं: तंबाखू आहे. धूर नाही.

सर खाली गेल्यावर तो कुंड्यांपाशी आला. गुलाब खरोखरच देखणे होते. त्यांच्या मागे, विटांच्या आडोशाला, बरण्या मांडल्या होत्या. आत गडद तपकिरी पाणी होतं. हात लावायचा मोह त्याने आवरला, स्वतःची तपासणी महिन्यावर आली होती. तो नुसता खाली वाकला. पहिल्या बरणीच्या तोंडावर चहाची गाळणी होती.

दुसऱ्या बरणीवरही होती. आणि तिसरीवरही.

शंकासुर अकरा महिन्यांत पहिल्यांदा हसला. सवय नसल्यामुळे जबडा दुखला.

५

अशा प्रकरणात शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात जमवून उलगडा करायचा असतो. शंकासुराने रविवारी सकाळी जमवलं. खुर्च्या कमी पडल्या म्हणून मामा गॅलरीच्या उंबऱ्यावर बसला आणि शिंपी शिलाई यंत्रापुढच्या स्टुलावर, ते तो स्वतःच घेऊन आला होता. सर गच्चीकडे निघायच्या तयारीत होते. त्यांना बसवावं लागलं.

"नमुना कुणी बदललेला नाही," शंकासुर म्हणाला. "मामांचा असता तर साखर निघाली असती. चहात कुणी काही घातलेलं नाही, कारण सर बाहेर काही पीत नाहीत. शेजारच्या धुराने एवढा आकडा येत नाही. म्हणजे निकोटीन सरांच्याच अंगातलं आहे."

बाईंनी पदर तोंडाला लावला. मुलीने हेल्मेट घट्ट धरलं. का कोण जाणे, ते घरातही तिच्या मांडीवर होतं.

"आणि तरीही सरांनी आयुष्यात एक झुरका घेतलेला नाही."

"बोला!" मामा म्हणाला. "आता हे कसं?"

"ज्याला ओढायचं असतं तो तीन जातींची थोटकं आणि दोन विड्या गोळा करत नाही. मी ओढणारा होतो, मला विचारा. आपला ब्रँड मिळाला नाही तर आम्ही बायकोशी भांडतो, पण दुसऱ्याची उष्टी विडी वेचत नाही. लिपस्टिकही ब्यूटीपार्लरवाल्या बाईंची आहे, डब्यातून आलेली." बाईंचा पदर खाली आला. "बाई, तुमच्या तिन्ही गाळण्या गच्चीवर आहेत. सर थोटकं पाण्यात भिजवतात, हाताने कुस्करतात, गाळतात आणि रविवारी सकाळी गुलाबांवर फवारतात. निकोटीन हे किडीला विष आहे. माणसालाही आहे. ते कातडीतून आत जातं. म्हणून दाही बोटं तपकिरी, म्हणून रविवारची मळमळ. ते पित्त नव्हे, ती विषबाधा. आणि आमचा माणूस नमुना घ्यायला आला तो सोमवारी सकाळी."

शिंपी सावकाश उठला.

"म्हणजे माझा बाक गेला," तो म्हणाला, "धूरमुक्त हवेतल्या गुलाबांसाठी. आणि ते गुलाब माझ्याच थोटकांवर?"

सरांची मान खाली होती. जिन्यात झारीखाली भिजलेल्या प्रत्येक माणसाचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढून जात असावा, आणि रांग लांब होती.

"मी शब्द मोडलेला नाही," ते अखेर म्हणाले. "एका छताखाली राहणार नाही म्हणालो होतो. बरण्या छताच्या वर आहेत."

"बाबा!"

"तुम्हाला यातून सुटता येईल," शंकासुर घाईने म्हणाला, कारण मुलगी उठली होती. "खरं काय ते लिहून द्या, शेजाऱ्याची साक्षीला सही घ्या. मी पुन्हा तपासणी मागतो. दोन आठवडे बरण्यांना हात लावू नका, अंग स्वच्छ होईल."

"आणि गुलाब?"

"गुलाबांचं मी काय सांगू?"

सरांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. मग ताठ बसून, प्रार्थनेनंतरच्या आवाजात म्हणाले, "लिहा. मी ओढतो."

६

"काय?" हे एकाच वेळी चौघं म्हणाले.

"रोज एक पाकीट. चोरून. माणसाला व्यसन असू शकतं, लोक समजून घेतात. पण थोटकं वेचून गुलाब वाढवले आणि वर भाषणं ठोकली, हे कोण समजून घेईल? शाळेत कसा जाऊ मी? जास्तीचा हप्ता मी भरेन. शिकवण्या घेईन."

"खोटं लिहिलं म्हणून अर्जच फेटाळतील," मुलगी म्हणाली. तिचा आवाज शांत होता, आणि घरातल्यांना त्याचीच भीती वाटली. "गाळा जाईल. चार वर्षं मी दुसऱ्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढतेय, बाबा. माझं दुकान हवं की तुमचे गुलाब?"

सर फोटोतल्या गुलाबाकडे बघत राहिले. जितका वेळ बघणं बापाला शोभतं, त्याहून बरंच जास्त वेळ बघत राहिले.

"बरं," मुलगी म्हणाली. "मामा, एक सिगारेट दे."

मामाने दिली. तिने ती वडिलांच्या हातात ठेवली.

"रोज एक पाकीट ना? ओढून दाखवा. साहेब बघतील आणि लिहितील."

सरांनी सिगारेटकडे पाहिलं. ज्या वस्तूविरुद्ध त्यांनी आयुष्यभर भाषणं केली होती, ती अख्खी, न विझलेली, न चिरडलेली, त्यांनी बहुधा पहिल्यांदाच हातात धरली होती. खडू धरावा तशी धरली. मोठ्या निर्धाराने ओठांत ठेवली आणि मामाकडे काडीसाठी मान वळवली.

"दाजी," मामा हळूच म्हणाला, "उलटी धरलीय."

पहिल्यांदा हसल्या त्या बाई. त्या अशा हसल्या, की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. आठवड्याभराच्या त्या लाल थोटकाचं सगळं ओझं त्या हसण्यातून बाहेर पडत होतं. मग शिंपी हसला. मुलगी हसली नाही, पण हेल्मेट तिने खाली ठेवलं. सरांच्या ओठांना तंबाखूची पूड लागली होती. ती त्यांनी पुसली आणि हात पुढे केला.

"कागद द्या," ते म्हणाले.

सगळं लिहून दिलं, अक्षर मात्र नेहमीसारखं वळणदार. शिंप्याने साक्षीला सही केली, पण बाक परत ठेवण्याच्या अटीवर.

इथे एखाद्याला वाटेल, की रहस्य उलगडलं म्हणजे काम संपलं. त्या माणसाचा विमा कंपनीशी संबंध आलेला नसावा.

"ओढतो, की ओढत नाही?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"साहेब, गुलाब ओढतात. माणूस नाही."

"छापील कागदावर दोनच चौकोन आहेत. अंगात निकोटीन सापडलं की दर ओढणाऱ्याचा. ते तोंडातून गेलं की हातातून, हे दरपत्रकात नाही."

"पण आपण जास्त हप्ता कशाचा घेतो? फुप्फुसाचा, हृदयाचा, लवकर मरण्याचा. हा माणूस गुलाबापायी मरणार आहे का?"

"काटा लागून मरू शकतो," व्यवस्थापक म्हणाले. ते विनोद करत नव्हते.

शंकासुराने त्या दुपारी काड्यांची अख्खी डबी संपवली. वरिष्ठांना पत्र लिहिलं, प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी दोनदा विचारलं, "गाळणीतून?" वर्षानुवर्षं लोकांना खोटं ठरवण्यात घालवल्यावर, एका माणसाला खरं ठरवायला किती वैताग येतो ते त्याला कळलं. शेवटी व्यवस्थापक, पत्राला उत्तर देण्यापेक्षा बाटली पाठवणं सोपं म्हणून, पुन्हा तपासणीला कबूल झाले.

दोन आठवड्यांत सरांची बोटं उजळली, रविवारचं पित्त गेलं आणि गुलाबांवर मावा आला. असा आला, जसा काही इतकी वर्षं खालच्या जास्वंदीवर बसून वाट बघत होता. कळ्या चिकट झाल्या, पानं आक्रसली. इमारतीतले लोक कौतुकाने वर जाऊन बघून येत आणि सरांना विचारत, "हवा बिघडली का हो?" सर बाकाजवळून जाताना झारी दुसऱ्या हातात घेत.

महिना संपायच्या आत अहवाल आला. कोटिनीन: नाही. शंकासुर विम्याची कागदपत्रं स्वतः घेऊन गेला. मुलीने ती दोनदा वाचली, चष्मा काढून डोळे पुसले आणि गाळ्याच्या मालकाकडे निघाली. हेल्मेट विसरली, परत येऊन घेऊन गेली. बाईंनी चहा आणला, गाळणीतून गाळलेला.

निघताना सर जिन्यापर्यंत सोडायला आले. मागे दार लोटून घेतलं. खिशातून त्यांनी रबरी हातमोज्यांची नवीकोरी जोडी काढून दाखवली, कोपरापर्यंतची.

"तुम्ही म्हणालात, कातडीतून जातं."

"हो."

"यातून जाणार नाही ना?"

"नाही जाणार. पण नाकाला फडकं बांधा, आणि वाऱ्याकडे पाठ करून फवारा."

सरांनी मान हलवली. खाली शिंप्याच्या बाकावर कुणीतरी काडी ओढली, वास वर आला. दोघांनीही तो घेतला, एकाने एका कारणासाठी, दुसऱ्याने दुसऱ्या.

"मग एक काम कराल?" सर शेवटच्या बाकालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले. "जाताना शिंप्याला तेवढं सांगा, थोटकं फेकू नकोस म्हणावं. आणि मी सांगितलं म्हणून सांगू नका."